शाई अडवणारं घराणं



संतकवी दासोपंतांना रोज ढबू पैशाची शाई लागायची, असं आपल्या अंबाजोगाईत पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. त्याचा हिशेब कुणी ठेवला होता, हे विचारू नये. सवा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' ज्याच्या नावावर सांगतात, त्याला शाई लागणारच. आणि कागद कमी पडला म्हणून की काय, या माणसानं सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' लिहून काढलं. ती पासोडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. दासोपंत १६१५ मध्ये गेले. चारशे वर्षं होऊन गेली, तरी त्या कापडावरची अक्षरं लागतात.

मी रसायनशास्त्राचा मास्तर. मला त्या ओव्यांतलं अध्यात्म फारसं कळत नाही, पण शाई कळते. म्हणून आयोजकांनी 'विषय तुम्हीच ठरवा' म्हटल्यावर मी शाईच धरली. ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या खिशाला कायम एक पेन असायचं. आजचा विषय मला त्या पेनानं दिला.

गुरुजी योगेश्वरी विद्यालयात शिकलेले, स्वामी रामानंद तीर्थ तिथं होते त्या काळातले. मी त्यांच्या हाताखाली आलो तो १९६० नंतर. काळं कुळकुळीत, जाड अंगाचं, विलायती पेन. टोपीच्या आट्यांजवळ कंपनीचं नाव कोरलेलं होतं, पण ते इतकं झिजलं होतं की एकही अक्षर लागत नव्हतं. त्यामुळे ते कुठल्या कंपनीचं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. निब मात्र सोन्याची, उत्तम. गंमत अशी, की हे स्वतः शाई ओढून घेणारं पेन गुरुजी दौतीत बुडवून लिहायचे! दोन ओळी झाल्या की पुन्हा दौत. म्हणजे त्यांनी फाउंटनपेनाचा टाक करून टाकला होता. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "आतलं पोट बिघडलंय. जीभ चांगली आहे. पोट दुरुस्त करणारा लातूरपर्यंत कुणी नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढं नोकरी लागल्यावर जुन्या पेनांचं पोट कसं चालतं, याचा मी नाद घेतला. त्या नादात एका इंग्रज कंपनीपाशी येऊन थांबलो. त्या कंपनीचं नाव डी ला रू आणि तिच्या पेनाचं नाव ओनोटो.

पण आधी शाईचं सांगतो, नाहीतर पेनाची अडचण कळायची नाही.

आपली जुनी शाई म्हणजे काजळ आणि बाभळीचा डिंक. काजळ म्हणजे कार्बन. कार्बन पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण डिंकाच्या आधारानं तरंगतात. कागदावर बसले की ते तिथंच राहतात. ऊन लागो, वर्षं जावोत, कार्बनचा रंग उडत नाही. दासोपंतांची पासोडी वाचता येते ती यामुळे. ही शाई बोरूला उत्तम. पण तीच शाई फाउंटनपेनात भरा, आठ दिवसांत पेन तुंबतं. डिंक वाळतो, कण अडकतात, आणि केसाएवढ्या फटीतून काही उतरत नाही.

दुसरी शाई मायफळाची. मायफळ किंवा हिरडा यांचा काढा आणि हिराकस. ही मात्र खरीखुरी विरघळलेली असते. लिहिताना फिकट उमटते आणि हवा लागली की काळी होत जाते. लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते दिसावं म्हणून तिच्यात निळा रंग घालू लागले. तीच ती 'ब्लू-ब्लॅक' : आज निळी, उद्या काळी. कचेऱ्यांना हीच शाई हवी असायची, कारण ती कागदाच्या धाग्यात शिरून बसते, खोडता येत नाही. पण ती आंबट असते, म्हणजे आम्ल. पोलाद खाते. बर्मिंगहॅमहून जगभर गेलेल्या पोलादी निबा म्हणूनच लवकर मरायच्या. टाकाची निब पैशाला मिळायची, फेकली आणि दुसरी लावली. फाउंटनपेनाची निब कायम शाईत बसलेली, तिला हे परवडणारं नव्हतं. म्हणून सोनं आलं, १४ कॅरटचं. शाई सोन्याला काही करत नाही. सोनं मऊ, ते घासून जाईल म्हणून टोकाला इरिडियमच्या जातीच्या कठीण धातूचा कण. पुष्कळांना वाटतं सोन्याची निब ही श्रीमंती. ती श्रीमंती नव्हे, रसायनशास्त्र आहे.

आता हे घराणं. थॉमस डी ला रू १७९३ मध्ये गर्न्सी बेटावर जन्मला. हे बेट इंग्लंडच्या ताब्यातलं, पण फ्रान्सच्या किनाऱ्याला लागून. म्हणून ते फ्रेंच वळणाचं आडनाव. तिथं छपाई शिकला, वर्तमानपत्र काढलं, आणि १८२१ मध्ये लंडनला आला. सुरुवातीला गवती टोप्या केल्या. मग पुस्तकबांधणी, मग शोभेचा कागद. खरं नाव झालं ते पत्त्यांवर. खेळायचे पत्ते रंगीत छापण्याच्या पद्धतीचं पेटंट त्यानं १८३१ मध्ये घेतलं. पत्त्यांची मागची बाजू एकसारखी हवी. एका पानावर शाईचा ठिपका जास्त पडला की पान ओळखू येतं आणि डाव नासतो. या घराण्याचा शाईशी पहिला सामना असा झाला : एक थेंब इकडेतिकडे होता कामा नये.

त्यांचा कारखाना लंडनच्या बनहिल रो या रस्त्यावर होता. या रस्त्याबद्दल एक सांगण्याचा मोह आवरत नाही. कवी मिल्टन शेवटची वर्षं याच भागात राहिला. तो तेव्हा आंधळा झालेला होता. ओळी तो सांगायचा आणि लिहून घेणारे दुसरे. आपल्याकडे नेवाशाला ज्ञानेश्वर सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. पुढं दोनशेहून अधिक वर्षांनी बनहिल रोवर लेखणीचा कारखाना निघावा, याला योगायोगापलीकडे अर्थ नाही, पण मला तो आवडतो.

थॉमसचा मुलगा वॉरन हा रसायनशास्त्रज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ. चंद्राचे उत्तम फोटो काढणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक. १८६० मध्ये स्पेनमध्ये जाऊन त्यानं खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो घेतले, आणि ग्रहणात दिसणाऱ्या ज्वाला चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत, हे ठरवायला ते उपयोगी पडले. पाकिटं घडी घालणाऱ्या यंत्राच्या पेटंटावरही त्याचं नाव आहे. सकाळी पाकिटं, रात्री चंद्र. असा माणूस घरात असलेल्या कंपनीनं शाईकडे नुसतं रंग म्हणून पाहिलं नाही, यात नवल नाही.

१८५३ पासून डी ला रूकडे ब्रिटिश सरकारची महसुली तिकिटं आली, १८५५ पासून टपालाची. तिकिटाची अडचण काय असते? लोक वापरलेलं तिकीट पाण्यात घालून शिक्का धुतात आणि पुन्हा चिकटवतात. आपणही हे केलेलं आहे, नाही म्हणू नका! यावर इलाज असा की तिकिटाचीच शाई अशी करायची की शिक्का धुवायला गेलं तर तिकीटही धुऊन जाईल. दासोपंतांची शाई कधी जाऊ नये अशी, आणि ही शाई वेळ आली की गेलीच पाहिजे अशी. न जाणारी शाई आपले आजे-पणजेही करायचे. नेमकी हवी तेव्हाच जाणारी शाई करणं जास्त अवघड आहे, हे एक मास्तर म्हणून तुम्हाला सांगतो.

इथं हे घराणं आपल्या दारात येतं. हिंदुस्थानची पहिली देशभर चालणारी तिकिटं १८५४ ची, ती कलकत्त्याला शिळाछापावर छापली होती. पण १८५५ मध्ये चार आणे आणि आठ आण्यांची तिकिटं निघाली ती डी ला रूनं लंडनला छापलेली. तिथून पुढं सत्तर वर्षं या देशाची तिकिटं बनहिल रोवरून बोटीनं मुंबई-कलकत्त्याला येत होती. पुण्याच्या माणसानं साताऱ्याच्या भावाला लिहिलेल्या पत्रावरचा राणीचा मुखवटाही समुद्र ओलांडून आलेला असायचा.

हे थांबलं ते नाशिकमुळे. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये उभी राहिली आणि १९२६ च्या आरंभापासून तिकिटं तिथं छापू लागली. नोटा आधी बँक ऑफ इंग्लंडकडून छापून येत, त्याही १९२८ पासून नाशिकला. आपल्याकडे स्वदेशीचा इतिहास सांगताना चरखा येतो, होळी येते, टिळक-गांधी येतात. नाशिकरोडचा छापखाना येत नाही, कारण तो इंग्रज सरकारनंच काढला. पण एका लंडनच्या कंपनीचं सत्तर वर्षांचं गिऱ्हाईक त्यानं तोडलं, ही गोष्ट लहान नाही.

अर्थात, आपण अंबाजोगाईकर या हिशेबात धड बसत नाही. आपण निजामाच्या राज्यात. गावाचं कागदोपत्री नाव मोमिनाबाद, नाणं हाली सिक्का, आणि टपालाची तिकिटंही हैदराबाद संस्थानाची स्वतःची. पण मोमिनाबादला हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. इंग्रज अधिकारी इथं राहायचे, आणि त्यांची पत्रं, त्यांच्या दौती, त्यांची पेनं त्यांच्याबरोबर येत असणार. विलायती लेखणी आपल्या मुलखात साहेबाच्या खिशातून शिरली, दुकानातून नंतर.

आता पेनाकडे. डी ला रू १८८० च्या दशकापासून पेनं विकत होती. त्यांचं 'पेलिकन' नावाचं एक पेन बऱ्यापैकी चाललं, त्याची गोष्ट पुढं येईल. त्या काळात पेन भरायचं म्हणजे नळी उघडून ड्रॉपरनं शाई सोडायची. वॉटरमननं अमेरिकेत १८८४ मध्ये निबेखालच्या जिभलीला बारीक चरे पाडून शाई बेतानं उतरेल असं केलं होतं. म्हणजे उतरण्याचा प्रश्न बराचसा सुटला होता. भरण्याचा सुटायचा होता. बोटं काळी, धोतराला डाग, टीपकागद शोधत घरभर फिरणं, हे चालूच होतं.

१९०५ मध्ये जॉर्ज स्वीट्सर नावाच्या इंजिनिअरची युक्ती डी ला रूनं घेतली, आणि ओनोटो निघालं. युक्ती सांगतो, माझ्या मते पेनांच्या सगळ्या इतिहासात हिच्या तोडीची दुसरी नाही.

पिचकारी सगळ्यांना माहीत आहे. पिचकारीत दांडा मागं ओढला की पाणी आत येतं. ओनोटोत उलटं आहे. शेपटाची मूठ फिरवून दांडा आधी पूर्ण बाहेर ओढायचा. मग निब शाईत बुडवायची आणि दांडा एका दमात आत दाबायचा. दांड्याच्या टोकाला एक लवचीक चकती असते, ती नळीच्या भिंतीला घट्ट धरून खाली सरकते. तिच्या मागं हवा यायला वाट नाही, त्यामुळे मागं पोकळी होत जाते. नळी निबेच्या बाजूला किंचित रुंद केलेली आहे. चकती तिथं पोचली की भिंतीपासून सुटते. बाहेर हवेचा दाब आहे, आत पोकळी. शाई चकतीला वळसा घालून धावत वर जाते. एका दाबात पोट भरलं. आत रबराची पिशवी नाही, तेवढी जागा शाईलाच मिळते.

याहून मोठी करामत पुढं आहे. मूठ घट्ट पिळली की दांड्याचं टोक निबेकडे जाणारी वाट बंद करतं. शाई कोठारात कैद. पेन उलटं धरा, खिशात आडवं टाका, थेंब बाहेर येणार नाही. लिहायचं असलं की मूठ थोडी सैल करायची. ज्याला हे ठाऊक नाही त्याची फजिती होते. चार-सहा ओळी झकास उमटतात, मग पेन कोरडं पडतं, आणि तो शाईला शिव्या घालतो.

तिकिटाची शाई धुतली की सुटली पाहिजे, पेनाची शाई सांगितल्याशिवाय सुटता कामा नये. एकाच कारखान्यात, पन्नास वर्षांच्या अंतरानं, शाईला लगाम घालण्याची ही दोन कामं झाली. कंपनीच्या इतिहासात तिकिटं एका प्रकरणात आणि पेनं दुसऱ्या प्रकरणात असतात. मला ती एकाच वहीत दिसतात.

नावाबद्दल म्हणतात की जगातल्या कुठल्याही भाषेच्या माणसाला सारखंच उच्चारता यावं म्हणून 'ओनोटो' ठेवलं. आपल्या कानाला मात्र ते नोटाही छापणाऱ्या या घराला शोभेसं वाटतं.

किंमत साडेदहा शिलिंगांपासून पुढं. तेव्हा रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स होता. हिशेब केला तर बरोबर ७ रुपये १४ आणे निघतात, तेही लंडनच्या दुकानात. खेड्यातल्या मास्तराचा महिन्याचा पगार याच्याच आसपास. मुंबईला उतरल्यावर भाडं आणि दुकानदाराचा नफा चढणार. मोमिनाबादला आणायचं तर कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेनं यायचं, १९११ नंतर थेट लातूरपर्यंत, आणि निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात. वर कलदार रुपयाला हाली सिक्का जास्त मोजायचा. असं पेन आपल्या भागात कुणाकडे असेल, तर वकील, छावणीतला अधिकारी, एखादा जहागीरदार. बाकीचा गाव बोरू आणि टाक.

मोडी तर बोरूनंच लिहायची. तिरका कापलेला बोरू जाड-बारीक रेषा देतो, आणि आपल्या अक्षराचं वळण त्यावर बसलेलं. फाउंटनपेनाच्या गोल टोकानं अक्षर एकजाड झालं. उर्दू लिहिणाऱ्या कातिबांची तीच तक्रार होती. आमच्या शाळेत पुढं बॉलपेनावर बंदी होती, अक्षर बिघडतं म्हणून. आमच्या वडलांच्या वेळी हेच शाईच्या पेनाबद्दल म्हणत. प्रत्येक पिढीचं अक्षर पुढच्या लेखणीनं बिघडवलेलं आहे! फाउंटनपेनाला 'झरणी' असा मराठी शब्दही चालवून पाहिला, पण लोकांनी तो उचलला नाही. लोक पेनच म्हणत राहिले.

ओनोटोला खरं प्रेम मिळालं ते जपानमध्ये. तोक्योची मारुझेन ही पुस्तकांची पेढी ते आणायची. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यानं १९१२ मध्ये आपल्या पेनांबद्दल एक लेख लिहिला. त्यानं आधी डी ला रूचंच 'पेलिकन' घेतलं होतं. त्याचं आणि त्या पेनाचं पटलं नाही, तो वैतागून पुन्हा साध्या टाकावर आला. मग मारुझेनमधल्या एका लेखकमित्रानं त्याच्या हाती ओनोटो दिलं, आणि ते त्याला आवडलं. एकाच कंपनीच्या एका पेनानं हाकललं आणि दुसऱ्यानं परत बोलावलं. पहिल्या महायुद्धात चर्चिल आघाडीवर असताना त्याचं ओनोटो हरवलं, तर त्यानं बायकोला पत्र लिहून नवं मागवलं. खंदकात रम मागवणारे बरेच असतील. त्यानं पेन मागवलं, यावरून त्या पेनाची पत कळते.

मग एवढं चांगलं पेन आपल्याकडे घराघरांत का दिसत नाही? किमतीचं कारण खरं, पण तेवढंच नाही. पार्करही महाग होतं.

त्या युक्तीचा जीव एका चकतीत आहे. चकती रबराची, दांड्याच्या वाटेवर बूच-लाकडाचं वेष्टण. रबर वाळतं, ताठ होतं, तडकतं. बूच आक्रसतं. लंडनच्या दमट थंड हवेत ते जितकं टिकेल तितकं बीड जिल्ह्याच्या चैत्र-वैशाखात टिकणार नाही, हे रबराचा धर्म जाणणारा कुणीही सांगेल. भिंतीला चकती धरत नसेल तर पोकळी होत नाही, पोकळी नाही तर शाई नाही. लंडनला असाल तर कंपनीकडे द्या, नवी चकती बसवून मिळेल. इथं? गुरुजी म्हणाले तसं, पोट दुरुस्त करणारा लातूरपर्यंत कुणी नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. ओनोटो ही इंग्रज कारागिरीची कमाल आहे, आणि आपल्या मुलखाला ते चुकीचं पेन होतं. आपल्याला हवं होतं ते बिनपोटाचं पेन. एबोनाइटची साधी नळी, ड्रॉपरनं शाई घाला, आटे फिरवा, लिहा. त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच. निब गेली तर बसस्टँडवरचा पेनवाला दोन मिनिटांत दुसरी बसवायचा. शाई जरा गळते, बोटं माखतात, ते सोसायचं.

असं पेन आपल्या देशात झालं, आणि त्याच्या कथेत महाराष्ट्र आहे. आंध्रात राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास पेनं करायला घेतली, गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहापोटी. गांधीजींना पाठवलेल्या पहिल्या पेनात काही भाग परदेशी होते, म्हणून ते त्यांनी स्वीकारलं नाही. रत्नम पुन्हा कामाला लागले. वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पा पाहत, त्यांच्यामार्फत नवं पेन गेलं. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी रत्नम यांना लिहिलं, की मी ते वापरलं आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं. गांधीजींचे शब्द नेहमी मोजके; 'उत्तम' नाही, 'चांगला पर्याय'. मला ते प्रमाणपत्र फार प्रामाणिक वाटतं.

आणि शाईची बाजू मराठी माणसानं सांभाळली. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद परशुराम यांनी १९३१ मध्ये मुंबईत 'दांडेकर आणि कंपनी' काढली. पहिला माल 'हॉर्स ब्रँड' : शाईची पूड आणि शाईच्या वड्या. पाण्यात वडी टाकली की शाई तयार. बाटली फुटण्याची भीती नाही, वजन नाही. बैलगाडीनं जाणाऱ्या मालाला याहून सोयीचं काय असणार? दौतीला आणि टाकाला ती पुरे. फाउंटनपेनाला मात्र गाळ न धरणारी, निवळ शाई लागते. ती त्यांनी 'कॅमल' नावानं केली, आणि त्या 'कॅमल इंक'वरूनच कंपनीचं नाव कॅमलिन पडलं. पुढं त्यांनी पेनंही केली. आता लोकांना कॅमलिन म्हटलं की कंपासपेटी आणि रंग आठवतात. २०११ मध्ये कंपनीचा मोठा हिस्सा कोकुयो या जपानी कंपनीनं घेतला. शाईच्या वडीतून निघालेली कंपनी ओनोटोवर प्रेम करणाऱ्या देशात पोचली.

इंग्लंडात काय झालं ते लवकर सांगतो, कारण ते सगळीकडे झालं तेच आहे. १९११ पासून ब्रिटनची तिकिटं डी ला रूच्या हातून सुटू लागली, पंधरा वर्षांत हिंदुस्थानची सुटली. पेनांचं काम स्कॉटलंडात फाइफ परगण्यात गेलं. १९४० मध्ये जर्मन बॉम्बनी बनहिल रोचा कारखाना संपवला. त्याच युद्धात हंगेरीच्या लास्लो बिरोचं बॉलपेन ब्रिटिश हवाई दलानं घेतलं, कारण उंचावर हवेचा दाब कमी झाला की शाईचं पेन गळतं. ज्या हवेच्या दाबावर ओनोटोचं पोट भरत होतं, त्याच हवेच्या दाबानं शाईच्या पेनाला विमानातून उतरवलं. स्वान आणि ब्लॅकबर्ड ही पेनं करणारी मॅबी टॉड कंपनी, जिची पेनं आपल्याकडच्या जुन्या वकिलांच्या खिशाला असायची, ती १९५० च्या दशकात बॉलपेनवाल्यांच्या पोटात गेली. डी ला रूनं १९५८ मध्ये पेनांचं काम बंद केलं. नोटा छापण्यात पैसा होता, पेनांत राहिला नव्हता. त्यात मला विश्वासघात वगैरे दिसत नाही. पेन हा त्या घराण्याचा जोडधंदा होता. हुशार धाकट्या मुलासारखा लाडका, पण घर चालवणारा थोरला वेगळाच. कॉनवे स्टुअर्ट, ओनोटोच्याच वर्षी, १९०५ मध्ये लंडनला निघालेली कंपनी. ती निव्वळ पेनांवर जगली आणि १९७५ पर्यंत टिकली. पेनावरच पोट असलेली कंपनी सतरा वर्षं जास्त तगली, हे मला महत्त्वाचं वाटतं. ओनोटो हे नाव २००५ मध्ये एका नव्या इंग्रज कंपनीनं पुन्हा बाजारात आणलं. ती पेनं सुंदर असतात आणि श्रीमंत हौशी लोक घेतात.

गुरुजींचं पेन त्यांच्या पश्चात घरच्यांनी मला दिलं. मी ते उघडलं नाही. दौतीत बुडवून वर्षाकाठी एकदा लिहितो, शिक्षकदिनी.

शेवटी एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, ट्रंकेत किंवा देव्हाऱ्याच्या खणात, आजोबांचं असं काळं पेन असेल. आता व्याख्यान ऐकलं म्हणून उत्साहानं ते गरम पाण्यात टाकू नका. एबोनाइट गरम पाण्यानं मळकट, शेवाळी होतं आणि परत काळं होत नाही. साध्या गार पाण्यात फक्त निबेचा भाग रात्रभर ठेवा, पाणी निळं होईल ते सकाळी ओता, पुन्हा ठेवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा, चार दिवस लागले तरी चालतील. शेपटाची मूठ फिरत असेल तर फिरू द्या, पण पक्कड लावू नका. आणि टोपीजवळ कोरलेलं नाव लागत असेल, तर ते आधी एका कागदावर उतरवून ठेवा.